हाक मारल्यावर येणारा कोड

मागच्या दोन व्याख्यानांत आपण शब्दप्रमाण पाहिलं. वाक्याचा अर्थ नेमका कधी कळतो, एकेक शब्द कानावर पडत असताना की शेवटचा शब्द आल्यावर, या प्रश्नाशी आपण थांबलो होतो. आज तोच प्रश्न मी तुमच्या खिशातल्या मोबाइलवर घेऊन जाणार आहे. आपण एखादं वेबपान उघडतो तेव्हा त्यामागचा प्रोग्रॅम सगळाच्या सगळा एकदम येत नाही. थोडा येतो, चालू होतो, आणि लागतील तसे बाकीचे तुकडे मागवून घेतो. या तुकड्यांना मॉड्यूल म्हणतात, आणि पान चालू असताना ते मागवण्याला डायनॅमिक लोडिंग. याला रुळलेला मराठी शब्द नाही. मी आपलं 'हाक मारून बोलावणं' म्हणणार आहे.

समोर तळवड्यात आणि हिंजवडीत काम करणारे बरेच जण दिसतायत. तुम्हाला सुरुवातीचा भाग ओळखीचा वाटेल, तेवढा सोसून घ्या. कारण त्यांच्या शेजारी त्यांचे आईवडीलही बसलेत, आणि मुलं दिवसभर काय करतात हे त्यांना कळायला हवं. मी स्वतः कोड लिहीत नाही, मी तर्कशास्त्र शिकवलं. यातली तांत्रिक बाजू माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने माझ्याकडून घोटून घेतली. तिने मला गृहपाठसुद्धा दिला, आणि तपासताना जराही दयामाया दाखवली नाही.

तर आधी ब्राउझर पान वाचतो कसा, ते बघू. वरून खाली, ओळीने, आपण पोथी वाचतो तसं. वाचता वाचता स्क्रिप्टचा टॅग आला की तो थांबतो. ती फाइल मागवतो, ती येईपर्यंत वाट पाहतो, आली की पूर्ण चालवतो आणि मग पुढची ओळ वाचतो. थांबायचं कारण साधं आहे. स्क्रिप्टला चालता चालता त्याच पानात मजकूर घालण्याची मुभा आहे. म्हणजे पुढे काय वाचायचं हे तिच्यावर अवलंबून असू शकतं. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभी केली, ही गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. त्या काळी पानावरची स्क्रिप्ट म्हणजे दहा-वीस ओळींचा कारभार. थांबण्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. पुढे स्क्रिप्टा वाढल्या, आणि माणूस पांढऱ्या पडद्याकडे बघत बसायला लागला. मग 'थांबू नकोस, ही मागून चालव' असं सांगण्याच्या खुणा आल्या. डिफर आणि असिंक म्हणतात त्या.

दुसरी अडचण नावांची. जुन्या पद्धतीत सगळ्या स्क्रिप्टा एकाच खोलीत राहतात. एकीने 'तारीख' नावाचं काम लिहिलं, दुसरीनेही 'तारीख'च लिहिलं, की नंतर आलेली आधीचीचं पुसून टाकते. आवाज नाही, तक्रार नाही. आपल्या चाळीत नळावर दोन घरांच्या सारख्या कळशा ठेवल्या की काय होतं, तेच. शिवाय कोणती फाइल आधी आणि कोणती नंतर हा क्रम माणसाने हाताने सांभाळायचा. दहा फायली असतात तोवर जमतं, शंभर झाल्या की संपलं.

२००९-१० च्या सुमारास लोकांनी स्वतःचेच संकेत बसवले. ब्राउझरसाठी रिक्वायरजेएस नावाचं साधन आलं. त्यात फाइल आपणहून सांगायची, 'मला अमुक आणि तमुक लागेल, ती दोन्ही आली की मला उठवा.' पुढे जून २०१५ च्या आवृत्तीत भाषेनेच ही सोय आपल्या व्याकरणात घेतली. इम्पोर्ट म्हणजे मला काय हवं, एक्सपोर्ट म्हणजे मी काय देते. सफारी आणि क्रोम यांनी २०१७ मध्ये आणि फायरफॉक्सने मे २०१८ मध्ये ती प्रत्यक्ष चालवायला सुरुवात केली. आता प्रत्येक फाइलला स्वतःची खोली मिळाली. आतली नावं आतच राहतात, आणि दाराबाहेर ठेवलेलं तेवढंच दुसऱ्याला दिसतं.

या इम्पोर्टचा एक नियम तत्त्वज्ञानाच्या माणसाला फार आवडावा असा आहे. त्यात पत्ता अक्षरशः लिहावा लागतो. तो हिशेब करून काढता येत नाही, आणि 'अमुक झालं तर मागव' अशी अटही घालता येत नाही. का? कारण एकही ओळ चालवण्याआधी ब्राउझरला नुसतं वाचून कळलं पाहिजे की एकूण काय काय लागणार आहे. तो पहिली फाइल वाचतो, तिची यादी काढतो, त्या यादीतल्या फायली आणून त्यांच्या याद्या काढतो, असं करत सगळं झाड उभं करतो. सगळं हाती आलं की मग चालवायला लागतो, तेही पानांकडून बुंध्याकडे. म्हणजे हे असं वाक्य आहे, ज्याचे सगळे शब्द पोचल्याशिवाय अर्थ लावायला सुरुवातच होत नाही. एखादा शब्द आला नाही, तर वाक्य म्हटलंच जात नाही.

हे निर्मळ आहे, पण महाग आहे. पानात नकाशा आहे, आलेख आहे, दहा भाषांत टाइप करण्याची सोय आहे. माणूस आलाय नुसता फोन नंबर बघायला. त्याने या सगळ्याची वाट का बघावी? म्हणून इम्पोर्टचं दुसरं रूप आलं. ते २०१७ ते २०१९ या काळात ब्राउझरांमध्ये रुजलं आणि २०२० च्या आवृत्तीत भाषेच्या मानकात बसलं. हे रूप कुठेही लिहिता येतं. बटण दाबल्यावर, जरतरच्या आत, पत्ता त्या क्षणी ठरवून. ते लिहिल्याबरोबर हातात मॉड्यूल पडत नाही. पडतं ते एक वचन. भाषेत त्याला प्रॉमिस असंच नाव आहे. ते वचन पुढे दोनपैकी एका तऱ्हेने संपतं: मॉड्यूल येतं, किंवा येणार नाही असा निरोप येतो. आणि मधल्या काळात तुमचा प्रोग्रॅम थांबत नाही, पुढे चालत राहतो. हा मधला काळ हाच आजचा विषय आहे.

या प्रकाराला 'लेझी लोडिंग' असंही म्हणतात. मला हा शब्द पटत नाही. आळशी माणूस काम उद्यावर टाकतो आणि ते स्वतःच भोगतो. इथे लिहिणारा पुढे ढकलतो, आणि भोगणारा कोणी दुसराच असतो.

हे समजायला आपल्या पट्ट्याइतकी चांगली जागा नाही. माझे यजमान पिंपरीतल्या एका कारखान्यात स्टोअर्सला होते. जुन्या कारखान्यात स्टोअर्स म्हणजे एक राज्यच. रॅकच्या रांगा, प्रत्येक खणाला बिन कार्ड, इश्यू स्लिपशिवाय नट मिळायचा नाही. पिंपरीत टेल्को आणि आकुर्डीत बजाज उभे राहिले त्या काळात पोलाद कधी मिळेल, आयातीचा परवाना कधी येईल याची खात्री नव्हती. त्यामुळे आठवड्यांचा, महिन्यांचा माल भरून ठेवणं हेच शहाणपण होतं. माल अडकून पडायचा, पैसा अडकून पडायचा, गंज चढायचा. पण लाइन कोणाच्या वाटेकडे डोळे लावून बसत नव्हती.

मग जपानी पद्धत आली. टोयोटात ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर ती घडवली. पुढच्या टेबलाने मागितल्याशिवाय मागच्या टेबलाने बनवायचं नाही. मागणीची चिठ्ठी म्हणजे कानबान. चाकणला नवे कारखाने आले, मर्सिडीज आणि फोक्सवॅगन २००९ च्या सुमारास, महिंद्रा २०१० मध्ये, तोवर जगभर मोटारी अशाच बनत होत्या. सीटचं उदाहरण घ्या. आकार मोठा, रंग आणि प्रकार अनेक, ठेवायला जागा कुठून आणणार? म्हणून रंगवून झालेल्या गाड्या ज्या क्रमाने जुळणीच्या लाइनवर येणार, त्याच क्रमाने सीटा ट्रकमध्ये लावून पाठवायच्या. आधी काळी, मग करडी, मग दोन काळ्या. सीट उतरते ती जवळजवळ थेट गाडीत जाते.

गोदाम नाहीसं झालं, असं आपण म्हणतो. पण पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौकात किंवा आंबेठाण चौकात संध्याकाळी उभं राहून बघा. गोदाम रस्त्यावर आलेलं दिसेल. भोसरीच्या शेडमधून निघालेला टेम्पो तिथे उभा आहे, आणि वाट पाहण्याचं काम आता त्याचा ड्रायव्हर करतोय. पूर्वी हा खर्च कारखान्याच्या हिशेबवहीत 'शिल्लक माल' म्हणून दिसायचा. आता तो कोणाच्या वहीत दिसतो? हाच प्रश्न वेबपानाला विचारायचा आहे.

कारखाना पुरे, मराठीतलं खरं उदाहरण घेऊ. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर वाचणारे पुष्कळ, लिहिणारे थोडे. लिहिणाऱ्यांपैकी कोणी इनस्क्रिप्टने टाइप करतो, म्हणजे प्रत्येक कळीला ठरलेलं अक्षर. आणि कोणी अक्षरांतरणाने, म्हणजे रोमन कळा दाबायच्या आणि देवनागरी उमटायचं. या सोयीसाठी तिथे २०१३ पासून जे साधन आहे, त्याच्या पोटात जेक्वेरी आयएमई नावाचा एक छोटा प्रोग्रॅम काम करतो. तो मुक्त स्रोताचा आहे, कोणीही उघडून वाचू शकतं. विकिमीडियाच्या भाषा-तंत्रज्ञानाच्या लोकांनी तो बांधला. त्याच सुमारास, २०१२ मध्ये, रेड हॅट आणि विकिमीडिया यांची भाषा-तंत्रज्ञानावरची एक बैठक आपल्या पुण्यातच झाली होती.

यात शंभराहून अधिक टंकनपद्धती आहेत. मराठीच्या काही, तमिळच्या काही, जगातल्या कितीतरी भाषांच्या. प्रत्येक पद्धत म्हणजे नियमांची एक स्वतंत्र फाइल. अक्षरांतरणाचे नियम कसे असतात ऐका. 'के' दाबली तर पाय मोडलेला क् उमटव. आधी क् असेल आणि 'ए' दाबली तर पाय काढून क कर. आधी क् असेल आणि 'एच' दाबली तर ख् कर. म्हणजे नियम फक्त दाबलेली कळ बघत नाही, तिच्या मागे काय लिहिलंय तेही बघतो. पाणिनी वाचलेल्या माणसाला यात घरचं वातावरण वाटेल.

आता फक्त वाचायला आलेल्या माणसाला या शंभर फायली पाठवायच्या का? वेडेपणाच तो. लिहायला आलेल्या मराठी बाईंनाही त्यातली एकच लागणार. म्हणून प्रोग्रॅमजवळ आधी नुसती सूची असते: कोणत्या पद्धतीची फाइल कुठे आहे. तुम्ही खिडकीतून 'मराठी' आणि मग पद्धत निवडली की तो बघतो, या पद्धतीची नोंद आपल्याकडे आधीच झाली आहे का? असेल तर लगेच वापरायला घेतो. नसेल तर फाइलला हाक मारतो. फाइल येते, चालते, आणि चालताना एकच महत्त्वाचं काम करते: 'मी अमुक पद्धत, हे माझे नियम' अशी स्वतःची नोंद करते. नोंद झाली की जो वाट बघत होता त्याला निरोप जातो. हे भाषेतलं नवं इम्पोर्ट ब्राउझरात येण्याच्या कितीतरी आधी लिहिलेलं आहे. हाक मारणं, येणं, नोंद होणं आणि निरोप हा सांगाडा मात्र तोच आहे. नव्या पद्धतीत नोंदीचं काम ब्राउझर स्वतः करतो. पत्त्यावरून ओळख ठेवतो, आणि तेच मॉड्यूल दहा ठिकाणांहून मागितलं तरी एकदाच चालवून दहाही जणांना तेच देतो.

आणि मधल्या काळात काय होतं? पद्धत निवडली, फाइल अजून वाटेत आहे, आणि बाईंनी टाइप करायला सुरुवात केली. रोमन अक्षरं उमटतात. मग अचानक पुढची अक्षरं देवनागरीत. चार अक्षरं खोडावी लागतात, वैताग येतो, पण मोडत काही नाही. कारण फाइल आल्यावरच नवी पद्धत लागू होते, तोवर जुनी अवस्था जशीच्या तशी चालू राहते. माझ्या मते या छोट्या प्रोग्रॅममधलं सगळ्यात विचारपूर्वक केलेलं काम हेच आहे. येणाऱ्याच्या भरवशावर असलेल्याला हाकलून द्यायचं नाही.

आता मागच्या व्याख्यानातला धागा. नैयायिक म्हणतात, शब्द नुसते ओळीने आले म्हणून वाक्य होत नाही. तीन गोष्टी लागतात: आकांक्षा, योग्यता, सन्निधी. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त हे नवशिक्यांसाठी थोडक्यात दिलंय. आमच्या पिढीला ते आठल्ये-बोडस यांच्या आवृत्तीतून भेटलं. गाय, घोडा, माणूस, हत्ती असे चार शब्द म्हटले तर वाक्य होत नाही, कारण एकाला दुसऱ्याची अपेक्षा नाही. ही आकांक्षेची उणीव. विस्तवाने शिंपडा म्हटलं, तर अपेक्षा आहे पण मेळ नाही. ही योग्यतेची उणीव. आणि 'गाय' आत्ता म्हटलं, 'आण' पुढच्या प्रहराला म्हटलं, तर अपेक्षाही आहे, मेळही आहे, पण ऐकणाऱ्याला वाक्य मिळत नाही. ही सन्निधीची उणीव.

इम्पोर्ट ही उघडउघड आकांक्षा आहे. हा तुकडा दुसऱ्या तुकड्यावाचून अपुरा आहे, हे त्यात लिहून दिलेलं असतं. जुन्या स्क्रिप्टांत आकांक्षा होतीच, पण ती लिहिणाऱ्याच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. योग्यता म्हणजे जे मागितलं ते खरोखर दाराबाहेर ठेवलेलं आहे का. मॉड्यूल आलं पण त्यात 'तारीख' नावाचं काहीच नाही, असं होऊ शकतं. साध्या इम्पोर्टमध्ये ब्राउझर हे चालवण्याआधीच पकडतो आणि पुढे जात नाही. हाक मारून आणलेल्या मॉड्यूलमध्ये ते तुम्हालाच पारखून घ्यावं लागतं. आणि फाइलच्या जागी भलतंच काही आलं, समजा सर्व्हरने 'पान सापडलं नाही' असं लिहिलेलं पान पाठवलं, तर ब्राउझर आधी प्रकार बघतो आणि जावास्क्रिप्ट नसेल तर मॉड्यूल म्हणून घेतच नाही. विस्तवाने शिंपडायला तो तयार नसतो.

पहिल्या दोन गोष्टी लिहिणाऱ्याच्या हातात आहेत. सन्निधी नाही. ती रस्त्यावर अवलंबून आहे.

आता समजा, म्हाळुंग्याला एका खोलीत चार मुलं राहतायत. नांदेडकडून, यवतमाळकडून आलेली, तीन पाळ्यांत काम करणारी. त्यातला एक रात्रपाळीहून आलाय आणि मोबाइलवर शिकाऊ उमेदवारीचा अर्ज भरतोय. खिडकीपाशी रेंज दोन काड्या, आत एक. त्याने नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, गुण लिहिले, फोटो जोडला. शेवटी 'सादर करा' दाबलं. ज्याने हे पान बांधलं त्याने विचार केला, सगळेच काही अर्ज शेवटपर्यंत भरत नाहीत, मग तपासणीचा कोड आधीपासून कशाला पाठवा? बटण दाबल्यावर हाक मारू. कागदावर हिशेब चोख आहे. पान लवकर उघडतं, मोजमापात गुण चांगले मिळतात. पण खोलीतल्या मुलाला काय दिसतं? बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. तो पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो. त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. वचन दिलं गेलंय, पण ते दिलंय हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

इथे 'गाय' म्हणून झालंय आणि 'आण' अजून यायचंय. बोलणारा मनात म्हणतो, मी वाक्य पूर्ण करणारच आहे. असेल. पण अर्थ ऐकणाऱ्याच्या ठिकाणी व्हायचा असतो, आणि तो तर ताटकळलाय.

म्हणून काय आधी घ्यायचं आणि काय हाकेवर ठेवायचं, हे फाइलच्या वजनावर ठरवू नये असं मला वाटतं. हाक मारायच्या क्षणी माणूस किती अडकलेला असेल, यावर ते ठरावं. टंकनपद्धतीची फाइल उशिरा आली तर चार अक्षरं खोडायची. नकाशा उशिरा आला तर पत्ता तरी वाचता येतो. सादर करण्याचा कोड उशिरा आला तर माणसाचा तासभर पणाला लागलेला असतो. तो कोड, माझ्या मते, हाकेवर ठेवूच नये. तो स्टोअर्समध्ये हवा. आणि हाकेवर ठेवलाच, तर माणूस पहिल्या रकान्यात नाव लिहितोय तेव्हाच हाक मारून ठेवावी. त्याची सोय आहे. मॉड्यूलप्रीलोड नावाची खूण लिहिली की ब्राउझर फाइल आधीच आणून, वाचून तयार ठेवतो आणि चालवत मात्र नाही. म्हणजे ट्रक आधीच गेटबाहेर आणून उभा करायचा.

याच रस्त्यावरची आणखी एक गोष्ट. हाक मारलेलं मॉड्यूल आलं, आणि आल्यावर कळलं की त्यालाच दुसरं लागतं. ते आणलं, त्याला तिसरं. प्रत्येक वेळी सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचं. हिंजवडीच्या ऑफिसात बसून तपासणाऱ्याला हे तिन्ही हेलपाटे डोळ्यांची पापणी लवायच्या आत होतात, म्हणून त्याला ते दिसतच नाहीत. म्हाळुंग्याच्या खोलीत तेच एकामागे एक मोजता येतात. म्हणून कोड लिहिणाऱ्या मुलांना मी एवढंच म्हणते, एकदा रेंज नसलेल्या जिन्यात उभं राहून आपलं पान उघडा. ब्राउझरमध्ये मुद्दाम संथ जाळ्याचं नाटक करायची सोय आहे, पण जिना जास्त शिकवतो.

तीन अटींना पुढच्या नैयायिकांनी चौथी जोडली: तात्पर्य. बोलणाऱ्याच्या मनात काय आहे. जेवताना 'सैंधव आण' म्हटलं तर मीठ, आणि निघताना म्हटलं तर घोडा, कारण सैंधव शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. मला आधी वाटलं होतं, यंत्राच्या बाबतीत ही अट गैरलागू आहे, यंत्राला कुठलं मन? पण हाक मारताना तुम्ही पत्त्याला हाक मारता, आणि त्या पत्त्यावर आज कोण राहतो हे तुम्हाला ठाऊक नसतं. जून २०२४ मध्ये नेमकं हेच झालं. पॉलिफिल डॉट आयओ या पत्त्यावरून जुन्या ब्राउझरांना मदत करणारी एक स्क्रिप्ट वर्षानुवर्षं मिळत होती. लाखाहून जास्त संकेतस्थळं ती तिथून थेट मागवत होती. तो पत्ता दुसऱ्याच्या मालकीचा झाला, आणि त्याच हाकेला उत्तर म्हणून काही वापरकर्त्यांना भलतीकडे नेणारा कोड येऊ लागला. हाक तीच, पत्ता तोच, बोलणारा बदललेला. लाख संकेतस्थळांपैकी कोणीही स्वतःची एक ओळसुद्धा बदलली नव्हती. जेवायला बसून सैंधव मागितलं आणि दारात घोडा उभा!

यावर उपाय आहे. स्क्रिप्टच्या टॅगवर फाइलच्या मजकुराचा ठसा लिहून ठेवता येतो. आलेली फाइल त्या ठशाशी जुळली नाही तर ब्राउझर ती चालवत नाही. कारखान्याच्या गेटवर येणाऱ्या मालाची तपासणी असते, तशीच ही. पण जी स्क्रिप्ट प्रत्येक ब्राउझरला वेगवेगळी बनवून दिली जाते, तिला एकच ठसा कसा लावणार? पॉलिफिलची अडचण तीच होती. तेव्हा माझा सल्ला म्हाताऱ्या माणसाचा आहे: दुसऱ्याच्या विहिरीवर रोज जाण्यापेक्षा घरात पिंप भरून ठेवा. फाइल आपल्या सर्व्हरवर आणा आणि तिथून द्या.

शेवटचं, आणि हे काम करणाऱ्यांनी नीट ऐका, कारण माझ्या विद्यार्थिनीच्या मते सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच येतात. आजकाल मॉड्यूलच्या फाइलच्या नावात तिच्या मजकुरावरून काढलेली काही अक्षरं घालतात. मजकूर बदलला की नाव बदलतं, त्यामुळे ब्राउझरने साठवलेली जुनी प्रत चुकून वापरली जात नाही. सोय चांगली आहे. पण एकाने सकाळी सातला, पहिल्या पाळीला जाताना, पान उघडून ठेवलं. दुपारी बाराला तुम्ही नवी आवृत्ती चढवली आणि जुन्या फायली काढून टाकल्या. साडेतीनला पाळी सुटल्यावर तो त्याच उघड्या पानावर बटण दाबतो. त्याचं पान सकाळचं आहे, ते सकाळच्याच नावाने हाक मारतं. त्या नावाचं आता कोणी नाही. वचन मोडल्याचा निरोप येतो. बरेच जण त्या निरोपाला उत्तर म्हणून पान आपोआप पुन्हा उघडण्याची सोय करतात. नवी नावं मिळतात, सगळं सुरळीत चालतं, आणि त्याने भरलेला अर्ज पुसला जातो.

तसं करू नका. आधी त्याने लिहिलेलं ब्राउझरमध्येच जपून ठेवा, त्याला सांगा की पान जुनं झालंय, आणि मग त्याच्या हाताने पान उघडू द्या. आणि जुन्या फायली लगेच काढू नका. किती दिवस ठेवायच्या? लोक तुमचं पान किती काळ उघडं ठेवतात त्यावर ते आहे. निदान तिन्ही पाळ्या आणि एक सुट्टीचा दिवस उलटेपर्यंत तरी राहू द्या. सर्व्हरवर त्यांना जागा ती किती लागणार.